खुंटीवरची छत्री

ट्रेडमार्कच्या सरकारी कचेरीतल्या त्या साहेबांना आम्ही पाठीमागे तडतडे साहेब म्हणायचो. माझ्या दुकानात छत्रीची काडी बदलायला यायचे, तेही भांडायला आल्यासारखे. "काडी बसवताय की नुसते दात काढताय?" मी हसलो की आणखी भडकायचे. काय सांगू, मजा यायची!

आमच्या छत्र्यांच्या मुठीवर कोंबडा कोरलेला असतो, वडिलांच्या काळापासून. एका बड्या कंपनीने तोच कोंबडा, तीच उचललेली तंगडी, स्वतःची निशाणी म्हणून नोंदवायला टाकली. सरकारी जर्नलात चित्र छापून आलं, ते शेजारच्या छापखानेवाल्याने मला दाखवलं. नोंद झाली असती तर माझ्याच कोंबड्याला मला हात लावता आला नसता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विरोध नोंदवला. सुनावणीला गेलो, तर टेबलामागे तडतडे साहेब!

"इतकी वर्षं नोंद का केली नाहीत?"

"घरचाच कोंबडा, साहेब. त्याची कसली नोंद?"

"पोरांची केलीत ना? मग कोंबड्याने काय घोडं मारलं होतं? जुना पुरावा काय आहे?"

कंपनीचा वकील गालात हसला. माझं डोकंच फिरलं. "पुरावा? तुमच्या मागे खुंटीवर लटकतोय!"

साहेबांनी वळून पाहिलं. रोज हातात धरलेली मूठ, पण कोंबडा त्यांना कधी दिसलाच नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

वकील म्हणाला, "कशावरून जुनी? कालच घेतली असेल."

"लग्नाआधीची आहे!" साहेब कडाडले. "बायकोला विचारा, तिला आम्हा दोघांचाही वैताग आलाय!" आणि फाईल धाडकन मिटली. "आता मी साक्षीदार झालो. साक्षीदाराला निकाल देता येत नाही. दुसरा अधिकारी नेमा."

वरिष्ठांनी त्यांना फैलावर घेतलं. "गप्प बसून छत्री कपाटात टाकायची होतीत!"

"मी काय चोर आहे?" हा आवाज बाहेरच्या बाकावर मला ऐकू आला.

दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे त्यांनी छत्री टेबलावर आपटून साक्ष दिली. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. साहेबांची बढतीही गेली.

काही दिवसांनी भर उन्हात, लालबुंद होऊन दुकानात आले. "तुमच्या कोंबड्यापायी माझी छत्री फायलीला बांधलीय! नवी काढा."

मी काढली. त्यांनी मूठ डोळ्यांजवळ नेऊन पहिल्यांदाच नीट न्याहाळली.

"तंगडी वाकडी आहे," ते खेकसले. "कंपनीचा कोंबडा बरा होता!"