डिस्कची डायरी

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगतो, ते मला पुरतं कळलंही नाही.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो. चोर ओळखता येतो, खोटं बोलणारा ओळखता येतो. पण कुणी काही पुसून टाकलंच नाही आणि तरी सगळं गेलं, हे कोणत्या कलमात बसवायचं?

औरंगपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओचा मालक ठाण्यात आला. सोबत सोयगावची, नुकतंच लग्न झालेली मुलगी. तिच्या लग्नाचं शूटिंग एका डिस्कवर होतं. डिस्क म्हणजे वायरनं संगणकाला लावायची छोटी डबी. ती आता उघडत नव्हती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मुलीचे वडील हार्टअटॅकनं गेले होते. चालता-बोलता बाप बघायला तिच्याकडं तेवढंच होतं. ती नुसती बाकावर बसून होती.

मालकाचा संशय त्याच्या ऑपरेटरवर. "माझं खाऊन माझ्यावरच उलटला, साहेब. डिस्क घरी नेली आणि पुसून आणली. आत टाका त्याला."

खबऱ्यानंही सांगितलं, "तो शहागंजात स्वतःच्या स्टुडिओसाठी जागा बघतोय." म्हणजे हेतूही मिळाला. मी ऑपरेटरला बोलावलं. तिशीचा, शांत माणूस.

"डिस्क घरी कशाला नेली?"

"सेठनंच दिली, साब. बोले, घरपे एडिटिंग कर, सुबह तक होना."

"मग पुसलं कशाला?"

"पुसलं नाय. उलट फिल्म बनवून त्यात टाकली."

"टाकल्यानं जातं व्हय रे?"

"वोइच तो मेरेकू समझ में नहीं आ रा, साब!"

फिरवून फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दरवेळी गोष्ट जरा सुधारतो. हा सुधारत नव्हता. स्टुडिओतला संगणक मॅक जातीचा, याच्या घरचा लिनक्सवर चालणारा; दोघांची डिस्कवर लिहायची पद्धत वेगळी. मॅकची डिस्क घरी वाचता येत होती, पण तिच्यावर लिहिता येत नव्हतं. यानं नेटवर शोधलं आणि जबरदस्तीनं लिहायला लावलं.

"बघा, जबरदस्ती कबूल केली!" मालक उसळला.

सायबर शाखेच्या मॅडमना बोलावलं. त्या मला म्हणाल्या, "काका, बंदोबस्ताला निघताना तुम्ही काय करता?"

"स्टेशन डायरीत 'रवाना' लिहितो, मग निघतो. परतलो की 'हजर'."

"ही डिस्कही तेच करते. आधी आपल्या डायरीत लिहिते, मग काम करते. यांच्या लिनक्सचा ड्रायव्हर म्हणजे दुभाषा समजा. लोकांनी मिळून बनवलेला, फुकट. त्याला मॅकची डायरी भरता येत नाही, म्हणून तो नुसतं वाचून देतो. डायरी आधी मॅकवर बंद केली असती तर त्यानं नीट लिहिलंही असतं."

"मग दोषी हाच?"

"एवढ्यानं सगळं जायचं नाही. डायरीत आधीचं काहीतरी अर्धवट राहिलं असणार."

माझं डोकं थांबलं. म्हणून मला जे येतं तेच केलं. मुद्देमाल कुणाच्या हातून कुणाकडं गेला, ते स्टुडिओत पंचांसमोर करून दाखवायला लावलं. मॅडमनी एक कोरी डिस्क संगणकाला लावली. मी मालकाला म्हणालो, "त्या दिवशी कशी दिली, दाखवा."

मालकानं एका हातानं फोन कानाला धरला आणि दुसऱ्या हातानं वायर उपटली.

"अहो!" मॅडम ओरडल्या. "संगणकाला न सांगताच?"

"रोज असंच काढतो. गिऱ्हाईक थांबतंय व्हय?"

ऑपरेटरनं कपाळाला हात लावला. "कित्ते बार बोला, सेठ, पहले इजेक्ट करो!"

मॅडमनी मग उलगडून सांगितलं. त्या दिवशी मालकानं वायर उपटली तेव्हा डिस्कची काही कामं डायरीत लिहिलेली होती, पण करायची राहिली होती. ऑपरेटरनं त्यावरच नवीन लिहिलं. सकाळी डिस्क मॅकला लावली, तेव्हा त्यानं जुनी डायरी बघून राहिलेली कामं उरकली, तीही नव्या लिखाणावर जुनं लिहून. कुठं काय ठेवलंय, त्याचा पत्ताच हरवला.

गुन्हा दाखल झाला नाही. मॅडमनी अख्ख्या डिस्कची नक्कल काढली आणि त्या नकलेत शोध घेतला. फायलींची नावं गेली होती, पण शूटिंग सापडलं. मुलीला बोलावलं. पडद्यावर फेटा बांधलेला तिचा बाप पंगतीत उभा राहून ओरडत होता, "अरे, तिकडं मठ्ठा वाढा की!" मुलगी आधी हसली. "लई ओरडायचे," म्हणाली, आणि मग रडली.

कट शोधायच्या आधी माणसाची सवय शोधावी, एवढं मी त्यातून शिकलो. त्या दोघांच्याही मनात काळंबेरं नव्हतं, तरी वाटोळं होत आलं होतं. डायरीचं मला आजही अर्धंच कळतं.

पण आमची मंडळी, म्हणजे बायको, गेल्यापासून ती डायरी जास्त आठवते. मी दारात चप्पल काढली की आतून आवाज यायचा, "आलात व्हय?" नोकरीभर माझी खरी 'हजर' तीच नोंदवायची. आता किराणा घेऊन येतो, चप्पल काढतो, थोडा वेळ दारातच उभा राहतो. मग आपलाच आपण आत जातो.