बिनकव्हरचा अंक

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, आणि एका दमात सांगते, कारण मधे थांबले तर पुन्हा सुरुवात करणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी व्यवस्थित बाई आहे. कामं ओळीनं लावते, उरकते, खोडते. एवढं एक खोडता आलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वाशी तेव्हा नुकती वसत होती. इमारती सगळ्या एकसारख्या, राखाडी. झाडं हातभर उंचीची. खाडीवरून वारा सुटला की दारं आपटायची आणि चिखलाचा वास घरभर व्हायचा. आम्ही सोसायटीतल्या बायकांनी मासिकांचं फिरतं वाचनालय काढलं होतं. अंक एका घरी दोन दिवस, मग पुढच्या घरी. ते सगळं मी बघायची.

पहिल्या काही महिन्यांतच मुखपृष्ठं गायब व्हायला लागली. कुणी फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं, कुणाची पोरं कातरायची. मग मी नियम केला — गठ्ठा आधी माझ्याकडे, प्रत्येक अंकाला खाकी कागदाचं कव्हर, कडा खळीनं चिकटवलेल्या, मगच तो बाहेर. सगळ्यांना पटलं. पण त्यामुळं झालं काय, सांगू? ती मुखपृष्ठं फक्त मी बघायला लागले.

तुम्ही पाहिली आहेत का तेव्हाची? ठसठशीत कुंकू, अबोलीचा गजरा, जराशी वळून बघणारी बाई आणि मागं सपाट निळा नाहीतर तांबडा रंग. ती बाई नळाला पाणी येण्याची वाट बघत नसे. तिच्या पदराला हळदीचे डाग नसत. दुपारी दार लावून मी तिच्यासमोर बसायची, आणि खळ भांड्यातच वाळून जायची. आणि हेही सांगायला हवं — लग्नाआधी मीही एकदा एका मासिकाला माझा फोटो पाठवला होता. तो परत आला. सोबत एक ओळसुद्धा नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर शैला राहायची, भाऊ-वहिनीजवळ. आईवडील नव्हते. टायपिंग शिकत होती. परीक्षा झाली की नोकरी, नोकरी लागली की दादाच्या घरातून सुटका — हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल! भाऊ तळोज्याला कंपनीत होता. त्याचा आवाज चढला की खाली आमचं बोलणं बंद पडायचं. सोसायटीच्या गणपतीत शैला साड्यांच्या कार्यक्रमात स्टेजवर चालली, तेव्हा त्यानं तिला जिन्यात, आम्हा सगळ्यांसमोर गाठलं. "पुन्हा लोकांपुढं मिरवलीस ना, तर ही वेणी कापून गावाला पोचवीन. मग बस तिकडं गोवऱ्या टाइप करत." कुणीतरी हसलं. तो हसत नव्हता. मी तिथं होते. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी मी नवा गठ्ठा सोडला, आणि आधी दिसली माझी साडी. आमसुली, बारीक जरीकाठाची. मैत्रिणीचं लग्न आहे म्हणून शैलानं नेली होती. वर बघितलं तर शैलाच. वेणी पुढं घेतलेली, मान जराशी वळवलेली. सुंदर दिसत होती का? हो. ती साडी इतकी वर्षं माझ्याजवळ होती, आणि तिच्यात मी अशी कधी दिसले नव्हते.

तेवढ्यात ती आलीच, धावत. "वहिनी, आला का हो अंक?" क्लासजवळच्या फोटोवाल्यानं फोटो पाठवला होता, खरंच छापतील असं तिला वाटलं नव्हतं. आत तिचं नाव कुठंच नव्हतं. ती हसत होती. "बाहेर कुठं दादा बायकांची मासिकं बघायला जातोय! आणि घरी आलेल्या अंकात त्याला नुसतं शब्दकोडं दिसतं. तुमचं कव्हर असलं की झालं. घालाल ना? परीक्षा होऊ दे, मग बघू दे सगळ्या जगाला."

"घालते गं. पळ आता."

मी बाकीच्या सगळ्या अंकांना कव्हरं घातली. तो एक बाजूला ठेवला. कागद होता. खळही होती. त्या आठवड्यात पहिली पाळी त्यांच्याच घराची होती. मी जिना चढले, बेल वाजवली आणि तिच्या वहिनीच्या हातात अंक दिला — पालथा. दारातच कुणाला दिसू नये, म्हणून पालथा. इतका विचार केला होता मी. याला विसरणं म्हणतात का?

संध्याकाळी शैलाचा भाऊ कामावरून आला. मी भात लावला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग तिचा — एकदाच. नवऱ्यानं छताकडं बघितलं. मी म्हटलं, त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला मधे पडायचं?

सकाळी ती ट्रंक घेऊन जिना उतरली, पुढं भाऊ. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि पाठीवर, वेणी असायची तिथं, तो अगदी सपाट पडलेला. माझ्या दाराशी ती थांबली.

"वहिनी, कागद संपला होता का हो?"

"हो गं. संपला होता."

तिनं मान हलवली. "मला वाटलंच. नाहीतर तुम्ही विसरायच्या नाहीत."

खालून भावानं हाक मारली.

परीक्षा आली आणि गेली. ती परत आली नाही. पुढं तिच्या वहिनीला मी एकदा विचारलं. "दिली तिला, गावाकडं, एका बिजवराला," म्हणाली आणि दार लावून घेतलं. बोनकोड्याहून मासे घेऊन येणारी बाई विचारायची, "ती लांब वेनीची पोर दिसत नाय, बाय?" गावाला गेली, असं म्हणून मी मासे निवडायला लागायची.

तो अंक मात्र ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी परत आला होता. मुखपृष्ठ फाडून काढलेलं, पिनांना कागदाच्या चिंध्या अडकलेल्या. पुढच्या घरची पाळी होती. मी कागद मापात कापला, खळ लावली, कडा नीट दाबून चिकटवल्या. आत मुखपृष्ठ नाही, हे वरून कुणालाच कळलं नसतं. कळलंही नाही. वेळेवर नेऊन दिला.