टोपलीभर जास्वंद

पनवेलच्या बाजारात लाल जास्वंद विकणारी ती सुकापूरची बाई सांगितलेल्या भावावरून कधी खाली आली नाही. मी तर घासाघीस केल्याशिवाय मीठसुद्धा घेत नाही. बोलताना ती गिऱ्हाइकाकडे बघत नसे, फुलांवर पाणी शिंपडत राही.

माझ्या भाताच्या गिरणीचा मुहूर्त अंगारकीला होता. गणपतीला लाल फूल हवं, आणि ती गिरणीसमोरच बसली होती. भाव पाडायला मी तांदूळ पारखतो तशी ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि परत टोपलीत टाकली. "शिळी आहेत."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "शेट, हुंगलेलं फूल देवाला नाय चालत. तुमी तर सगल्यांत मिसळलं."

"सगळ्यांचे पैसे घे, पण एक तरी दे!" मी ओरडलो. आत भटजी घाई करत होते.

"नाय."

तिने टोपली रस्त्यावरच्या एका शेळीपुढे उपडी केली आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. फूल मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती गिरणीकडे बोट दाखवून कारण सांगे. जास्वंदीला मुळात वासच नसतो, असं मी दारात उभा राहून ओरडत होतो. त्या दिवशी गिरणीत भाताचं एकही पोतं आलं नाही.