जामीनबाई

कर्जखात्यात बसलं की माणसाचा स्वभाव बिघडतो, असं माझा नवरा म्हणतो. साफ खोटं. माझा आधीपासूनच बिघडलेला होता, म्हणून तर साहेबांनी मला तिथं बसवलं. शिक्षणाच्या कर्जाचं टेबल माझं, आणि त्यातही डॉक्टरकीची प्रकरणं सगळी माझ्याच गळ्यात. इतर पोरं कमवायला लागून हप्ते भरत असतात, तरी डॉक्टर आपला अजून शिकतच असतो. एक परीक्षा झाली की पुढची, ती झाली की त्याच्या पुढची. तोवर मी, कर्ज आणि जामीनदार, तिघंही म्हातारे होत जातो.

जामीनबाई हे नाव आमच्या शिपायानं ठेवलेलं. बाई हॉस्पिटलच्या कापडखान्यात शिवणकामाला होती. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. चादरीला ठिगळ चालतं, पण ऑपरेशनचं हिरवं कापड फाटलं की ते बाद, त्याला सुई लावायची नाही, हे मला तिच्याकडूनच कळलं. लग्न केलेलं नव्हतं. भावाची बायको लवकर गेली, भाऊ ट्रकवर, म्हणून त्याचा मुलगा हिनं वाढवला.

तो भाचा डॉक्टरकीला लागला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर आली. पोरगा हुशार, निम्म्या फीची शिष्यवृत्ती मिळवून आला होता, एकाही विषयात नापास व्हायचं नाही या अटीवर. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही. बापानं पूर्वी ट्रकचं कर्ज बुडवलेलं, त्यामुळे त्याची सही आमच्याकडे चालत नव्हती. बाईची पगाराची पावती मात्र चोख होती.

मी माझ्या पद्धतीनं समजावलं. "बाई, नीट ऐका. जामीनदार म्हणजे काय, तर कर्जदार पळाला की आम्ही जिला धरतो ती."

"बरं," ती म्हणाली. "पळाला तर कुठं गेला ते मला सांगाल ना?"

भाचा लाजून हसला. "आत्या, काहीतरीच काय! मी कशाला पळतोय?"

मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. कर्जाच्या टेबलावर हसलं की लोक व्याज कमी करा म्हणतात.

आमच्या शाखेची एक जुनी पद्धत होती. दरवर्षी कर्जदार आणि जामीनदार, दोघांनी एकत्र येऊन, कर्ज मान्य आहे म्हणून माझ्यासमोर सही करायची. आज एक आला, उद्या दुसरा, असलं चालायचं नाही. लोक यावरून मला शिव्या द्यायचे. रजा काढा, प्रवास करा, कशासाठी, तर एका सहीसाठी! तक्रार केली नाही ती एकट्या जामीनबाईनं.

सहीच्या दिवशी ती बँकेचं शटर उघडायच्या आधी पायरीवर हजर. इस्त्रीचे कपडे, डोक्याला तेल, रुमालात गुंडाळलेलं स्वतःचं पेन. बँकेचं दोरीला बांधलेलं पेन तिला आवडायचं नाही, म्हणायची, त्याला वाटतं मी चोरून नेईन. भाचा दुपारपर्यंत यायचा. सही व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागायचा नाही. मग दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. माझ्या टेबलावरून ते बाक काचेतून समोर दिसतं, म्हणजे मी काही मुद्दाम बघायला जात नव्हते. ती त्याला डब्यातलं खायला घालायची आणि त्याचा शर्ट तपासायची. कुठंतरी बटण लोंबत असायचंच. की पर्समधून सुईदोरा निघालाच. तो अंगातल्या शर्टासकट वाकून बसायचा आणि ती बटण लावून दातानं दोरा तोडायची. चांगला दाढीमिशीवाला बाप्या, पण त्या बाकावर गरीब बिचारा होऊन बसायचा.

तो शिकत असतानाच त्याचा बाप गेला. तेव्हापासून घरात ती एकटीच. पोरगा आधी वसतिगृहात, मग पुढच्या शिक्षणाला लांबच्या शहरात, मग तिथल्याच मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला. हप्ते पहिल्यापासून वेळेवर. मी इतकी वर्षं नोकरी करतेय, असे शहाणे कर्जदार हाताच्या बोटांवर मोजावेत. फोन मात्र कमी कमी होत गेले. वाईट नव्हता हो तो. कामात बुडालेला होता. पण ती निवृत्त झाली आणि मशीनचा आवाजही तिच्या दिवसातून गेला. एकदा मला म्हणाली, "मॅडम, आता मी घरात मोठ्यानं बोलते. नाहीतर संध्याकाळपर्यंत घसा बंद होतो."

मी म्हटलं, "रेडिओ लावा."

"तो माझं ऐकत नाही ना."

मग वरून नवीन फर्मान आलं. ज्याला त्रास होतो त्यानं आता मोबाईलवरून सही केली तरी चालेल. शाखेत आनंदीआनंद. शिपायानं दारावर कागद चिकटवला, आणि दुसऱ्याच दिवशी जामीनबाई माझ्यासमोर उभी. बसायला सांगितलं तरी बसेना.

"दारावर लिहिलंय ते खरं?"

"खरंय. आता तुमचा हेलपाटा वाचला."

"त्याला कळवलंत?"

"कळवेन की. सगळ्यांनाच कळवायचंय."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि टेबलावर वाकली. "नका ना कळवू. समोर यावंच लागतं म्हणा. तो तेवढ्यासाठीच येतो हो."

माझं डोकं तापलं. लोक माझ्याकडे काय काय मागतात! "बाई, ही बँक आहे. तुमच्या घरच्या भेटीगाठी जुळवायला बसलेय का मी? तुम्हीच सांगा ना त्याला, ये म्हणून."

"सांगितलं तर येईल," ती म्हणाली. "पण मग तो माझ्यासाठी आला असं होईल. घड्याळ बघत बसेल. सहीसाठी आला की कसा निवांत असतो."

मी तिला जायला सांगितलं, कळवणार म्हणून ठणकावलंही. आणि कळवलं नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं मी शिपायाला सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

सहीचा दिवस आला. बाई पायरीवर, पेन रुमालात. भाचा आला तो मात्र दारावरचा कागद वाचूनच आत शिरला.

"मॅडम, हे मोबाईलवरून होतं ना आता?"

बाई माझ्याकडे बघत होती. देवाशपथ सांगते, सुईच्या नेढ्याकडे बघावं तशी एकटक.

"जामीनदार असेल तर होत नाही," मी म्हटलं. "दोघांनी समोर यायचं. दरवर्षी."

तिनं श्वास सोडला तो मला टेबलापलीकडून ऐकू आला. भाच्यानं तिच्याकडे बघितलं. तिचे गुडघे तेव्हा सुजलेले होते, पायरी चढताना ती कठड्याला धरून चढली होती, ते त्यानं बघितलं असणार. तो खुर्ची ओढून बसला.

"मग एक काम करा. किती राहिलंय ते सांगा, मी आज सगळंच भरून टाकतो. तिला या वयात दरवर्षी फरफटत आणायचं म्हणजे काय? मलाच कसंतरी होतं."

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. कर्ज फिटतंय म्हणून वाईट वाटलेली मी जगातली पहिली बँकवाली असेन. पण कर्ज भरू नका असं कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं मोबाईलवर बोटं फिरवली, माझ्या पडद्यावर खातं शून्य झालं. पोरानं हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, सुटलीस बघ."

ती रुमाल उलगडत होती. "मी सही कुठं करू?"

"तुमची सही आता लागत नाही," मी म्हटलं.

तिनं पेन परत गुंडाळलं. दोघं बाकावर जाऊन बसली. काम लवकर उरकल्यामुळे त्याला आधीची गाडी मिळत होती. तिनं शर्ट तपासला, पण शर्ट नवा होता, भारीतला, एकही बटण ढिलं नव्हतं. डबा त्यानं बरोबर नेला. तो गेल्यावर ती बराच वेळ तिथंच बसून राहिली, आणि मी त्या दिवशी दोन जणांवर उगाच खेकसले.

त्यानंतर बाईला बँकेत यायचं कारणच उरलं नाही. ती पुन्हा आली ती बऱ्याच महिन्यांनी. चेहरा उतरलेला. मला वाटलं, आजारी आहे.

"माझं खातं बंद करायचंय," ती म्हणाली.

मी खातं उघडून बघितलं. दर महिन्याला भाच्याकडून पैसे येत होते, आपोआप, ठरल्या तारखेला. तिनं त्यातला एक पैसा काढला नव्हता.

"अहो, पोरगा पैसे पाठवतोय! लोकांची पोरं काय करतात ते बघा जरा. कुणी काही त्रास दिलाय का?"

"नाही हो. गुणी आहे तो." ती खुर्चीच्या टोकावर बसली. "आधी म्हटला होता, पैसे लागले तर फोन कर. मी म्हटलं, लागतील तेव्हा करीन. मला बरं वाटलं, तेवढंच बोलणं होईल. तर त्यानं हे लावून दिलं. म्हणाला, आत्या, तुला मागायला लागू नये. आता मी काय म्हणून फोन करू? सगळं तर मिळतंय."

"मग खातं बंद करून काय होणार?"

"पैसे परत जातील ना?"

"जातील."

"परत गेले की त्याला कळेल?"

"मोबाईलवर लगेच कळेल."

"मग तो फोन करेल," ती म्हणाली. "काय झालं म्हणून विचारायला."

मी तिला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं. पण खातं तिचं, बंद करायचा हक्क तिचा. मी कागद पुढे केला. तिनं रुमालातलं पेन काढलं आणि फार सुंदर सही केली. निघताना म्हणाली, "फोन आला की तुम्हाला येऊन सांगते हं."

तारीख उलटली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम, ओळखलंत का? आत्याच्या खात्याला काही प्रॉब्लेम झालाय का? माझे पैसे परत आलेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिला विचारलंत?"

"नाही, म्हटलं तिला कशाला त्रास? तिला बँकेचं काय कळतंय? तुम्हीच काय ते सांगा."

तेव्हा माझा जो काय बिघडलेला स्वभाव आहे तो सगळा उसळून वर आला. "खातं तिनं बंद केलंय. तुम्हाला काय विचारायचंय ते तिलाच विचारा. समोर येऊन. तुमच्या जामिनाच्या वेळचा नियमच समजा."

मग तो हळूच म्हणाला, "तिला काही झालंय का?"

"काहीच होत नाहीये तिला, डॉक्टर. दिवसचे दिवस काहीही होत नाही. तेच झालंय."

"बरं," तो म्हणाला. "बघतो मी." त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी काउंटर बंद व्हायच्या वेळेला जामीनबाई आली. कठडा धरून पायरी चढली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अजून फोन नाही आला हो. पैसे परत गेले नसतील. जरा बघता का?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण एकदा तसं खोटं बोलल्यानं काय झालं ते मी बघितलेलं होतं.

"गेले परत," मी म्हटलं. "फोन आला होता. मला."

"तुम्हाला?"

"हो."

ती काही वेळ दोरीला बांधलेल्या त्या पेनाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, आणि मला रडणारी माणसं सांभाळता येत नाहीत. पण तिनं खुर्ची पुढे ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि नीट टेकून बसली. शिपाई शटर ओढायला आला होता, त्याला मी हातानंच थांबवलं.

"सांगा ना मग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. तुम्ही फोन उचलल्यावर तो आधी काय म्हणाला?"