पाळणा बसला, आत्याबाई राहिल्या

गाडी विकणाऱ्या माणसाने डिकी उघडून आत किती लिटर जागा आहे ते मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. डिकीत लिटरने काय भरतात हे मला तेव्हा कळलं नाही. ती जागा कशी वापरतात ते परवा वाईहून कडेगावला बारशाला जाताना कळलं.

बारसं माझ्या मेहुणीच्या नातवाचं. आमच्यावर कामं दोन. माझी बायको सुनंदा, तिच्या माहेरचा सागवानी पाळणा आमच्या माळ्यावर असतो, तो न्यायचा. आणि वाटेत रहिमतपूरला बाळाची आत्या, म्हणजे मेहुणीची लेक पुष्पा, तिला घ्यायचं. पाळणा नसला तर बाळाला झोळीत घालता येतं. आत्या नसली तर त्याच्या कानात नाव कोण सांगणार? पुष्पाच्या भावाला फार वर्षांनी मूल झालं होतं. नाव तिने मनाशी पक्कं केलं होतं आणि सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

वाईत पाळणा चढवताना गल्लीतल्या लोकांनी चालू पूजा सोडून सल्ले दिले. तिरका घाला, उलटा घाला. एकाने तर गाडीचं दारच काढायला सांगितलं. शेवटी मागची अर्धी सीट पाडून पाळणा आत गेला. त्याचा एक पाय माझ्या डाव्या कानाशी आला, त्यामुळे पुलावरून कृष्णा दिसली ती फक्त सुनंदाला. उरलेली अर्धी सीट पुष्पासाठी मोकळी होती. मी स्वतःवर खूश होतो.

साताऱ्यात शिरतो तोच मेहुणीचा फोन. "भाऊजी, गाडी रिकामीच येतीया नव्हं? मग पाण्याचं पिंप घेऊन या. मोठं बघा."

चालवणाऱ्याला समोरचा रस्ता दिसतोय तोवर गाडी रिकामीच, असा आमच्या भागातला हिशेब आहे. दुकानदाराने आत डोकावून बघितलं. "आवं काका, लय जागा हाय की!" त्याने स्टीलचं पिंप पाळण्यात आडवं निजवलं आणि आम्ही घेतलेले कंदी पेढे (साताऱ्याचे, खवा खरपूस भाजून केलेले) पिंपात सारले. म्हणजे पाळण्यात झोपायचा पहिला मान पिंपाने पटकावला.

पुढे दोन्ही बाजूंना ऊस. प्रत्येक गतिरोधकावर पिंप देवळातल्या घंटेसारखं वाजायचं आणि रस्त्याकडेची म्हातारी माणसं हात जोडायची. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर डुलत चालला होता. त्याच्याकडे बघून आपण फारच कमी भरलंय असं वाटायला लागलं.

रहिमतपूरला पुष्पाचे सासरे दारातच उभे होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. "तुमी आत बसा, च्या घ्या. गाडी माझ्यावर सोडा. लद्दाखला एका ट्रकात म्या आख्खी पलटन नेलीया. ह्ये तर मामुली काम हाय."

आम्ही पोहे खात होतो. बाहेरून हुकूम ऐकू येत होते. "और पीछे! दाब रं गड्या, अजून दाब!" कडेगावला गाडी जातेय ही बातमी गल्लीभर झाली होती. कुणाच्या लेकीसाठी टेबल फॅन, कुणाची गादी, कुणाचे हुलगे आणि खुद्द सुभेदारांचं पोतंभर आल्याचं बियाणं. बाहेर येऊन बघतो तर गादी काचेला तोंड दाबून बसलेली. सुभेदारांनी पाठ लावून दार बंद केलं आणि हात झटकले.

"बसलं! आता सुईला जागा न्हाई."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

इतक्यात इरकली नेसून, केसांत गजरा माळून पुष्पा बाहेर आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "आन् मी कुटं बसू?"

टाळ्या थांबल्या. पलटन नेणाऱ्या माणसाने सुनेची सीटसुद्धा पाडली होती.

"तू एष्टीनं जा की," सुभेदार म्हणाले.

"एष्टी दुपारनंतर हाय, मामा. तवर बारसं उरकंल."

"मग फोनवर सांग नाव. स्पीकर लावतील."

दोघंतिघं हसले. पुष्पा हसली नाही, तिचे डोळे भरले. "फोनवर कुर्र करत्यात व्हय, मामा? किती वर्सं वाट बघितली म्या ह्या कानाची!" (कुर्र म्हणजे आत्या बाळाच्या कानाशी वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालून एकदम ओरडतात ते.)

मला फार वाईट वाटलं. मी दार उघडलं. गादीने आपणहून बाहेर उडी घेतली. मग फॅन, हुलगे, सगळं उतरवलं. सुभेदार हरलेल्या लढाईकडे बघावं तसे बघत होते. निदान आलं तरी राहू द्या, म्हणाले.

"आलं उद्या नेलं तरी उगवतंय, सुभेदार," सुनंदा म्हणाली. "बारसं उद्या न्हाई."

कडेगावला मेहुणीने गाडीत डोकावून बघितलं आणि तोंड पाडलं. "ह्ये काय, भाऊजी? येवढी मोठी गाडी आन् मोकळीच आणली?"

बारसं झालं. पुष्पा पाळण्यावर वाकली, बायकांनी तिची पाठ शेकून काढली आणि ती हसत रडत उभी राहिली. एवढं जपलेलं नाव निघालं आनंद. मॉडर्न नावाच्या आशेवर असलेल्या बाळाच्या आईचा चेहरा जरा उतरला. पण आत्याने कानात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही.

पाळणा तिथेच ठेवला आणि जेवणं होता होता मेहुणीची लगबग सुरू झाली. पाहुण्यांची गाडी मोकळी जाते म्हणजे काय? गुळाच्या ढेपी आल्या, उसाची मोळी आली, केळीचे घड आले. पुष्पा मात्र पंगतीत दिसेना. शोधत बाहेर गेलो तर ती गाडीत बसलेली. पट्टा लावलेला, मांडीवर ताट, ताटात जिलेबी.

"काका, आदी मी बसलीया," ती म्हणाली. "आता काय भरायचं ते भरा."

भरलं. रहिमतपूरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुभेदारांनी खिडकीतून बाहेर आलेला ऊस पाहिला, छताला टेकलेली केळी पाहिली आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "ह्याला म्हनत्यात भरनं! पर पुष्पा कुटं हाय?"

"हितंच हाय, मामा," केळीच्या घडामागून आवाज आला. "आदी ऊस काडा."

गाडीत किती लिटर मावतात ते मी अजून मोजलेलं नाही. आता घरातून निघताना मी एवढंच विचारतो, कोण बसणार आहे? आणि ते माणूस बसेपर्यंत डिकीची चावी खिशातून काढत नाही.