कोचीच्या बंदरावरची सोबतीण

क्रूझ कोचीला थांबली, तेव्हा अकोल्याहून एकटीच आलेल्या मी बंदराजवळ आयुष्यातला पहिला खेकडा खाल्ला. नारळाचा तो रस्सा बोटांवरून चाटत असतानाच घसा आवळू लागला. श्वास मिळेना.

शेजारच्या बाकावर आमच्याच जहाजावरची एक परतवाड्याची बाई जेवत होती. जहाजावर ती रोज पदर खोचून, समुद्राकडे पाठ करून बसायची. तिनं ताट सरकवलं, मला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

इंजेक्शननंतरही छाती धडधडत होती. तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला.

“तुमी जा,” मी कसंबसं म्हटलं.

“जहाज गेलं त जाऊ दे. तुले अशी टाकून काहून जाईन मी?”

जहाज गेलं. भोंगा विरेपर्यंत माझा हात तिनं सोडला नाही.