अण्णांचं साकु

नव्वदी ओलांडून माणूस गेला की त्याच्या लेकीला रडायचीही सोय राहत नाही. येणारा प्रत्येक जण दारात चपला काढता काढताच सांगून टाकतो, "सोनं झालं हो." माझे वडील गेले तेव्हा दादाच्या येलहंक्याच्या फ्लॅटवर लिफ्ट भरभरून माणसं आली आणि सोनं करून गेली. मी त्यांच्यापुढे कॉफीचे पेले आपटत होते.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. आमचं मराठी घरापुरतं, तेही निम्मं कन्नडात भिजलेलं. अण्णांचं चिकपेटमध्ये साड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या डोक्यावर घर. त्याच घरात ते जन्मले, आम्ही भावंडं तिथेच झालो, आणि आई गेली तीही तिथूनच. दिवसभर खाली गिऱ्हाइकांशी चार भाषांत गोड बोलून अण्णांच्या तोंडाला मिठी बसायची. मग वर येऊन ते मराठीत भांडायचे. आमटीत चिंच जास्त का, पंखा कुणी चालू ठेवला, पेपराची घडी कुणी मोडली, कुठलंही कारण चालायचं. ज्या दिवशी अण्णा भांडत नसत, त्या दिवशी आई त्यांच्या कपाळाला हात लावून बघायची.

नातवाशी मात्र एकदाही भांडले नाहीत. दादाचा हा एकुलता एक मुलगा त्यांना इथल्या रीतीनं 'ताता' म्हणायचा. लहानपणी सुट्टीत तो चिकपेटलाच असायचा. अण्णा त्याला गादीवर शेजारी बसवून डोळे मिटायला लावायचे, साडीचा पदर हातात द्यायचे आणि विचारायचे, "रेशीम का भेसळ?" तो चुकला तरी बरोबर ठरवून कन्नडात म्हणायचे, "सरी, पास!" धंद्यात सख्ख्या मेव्हण्याला सवलत न देणारा हा माणूस.

आई गेल्यावर अण्णा जिन्यात घसरले आणि खुबा मोडला. दादानं त्यांना येलहंक्याला आणलं. "दोन महिने, अण्णा. चालायला लागलात की घरी." ते चालायला लागले, वॉकर धरून का होईना, आणि पिशवी भरून सोफ्यावर बसले. तेव्हा दादाला आठवलं की तिथला जिना फार उभा आहे. मग पावसाळा आला, मग डॉक्टर नको म्हणाले, मग आणखी काहीबाही आलं. दरम्यान त्यानं दुकानासकट वरचं घर एका साडीवाल्याला गोडाऊन म्हणून देऊन टाकलं होतं. अण्णा निजायचे त्या खोलीत आता पार्सलांची थप्पी होती. हे अण्णांना कुणी सांगितलं नाही.

मी आनेकलला राहते. बस बदलत बदलत शहराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जायचे, तर दारातच अण्णा विचारायचे, "न्यायला आलीस?" माझ्याकडे चला म्हटलं की चिडायचे. "लेकीच्या घरी राहायला जाऊ? माझं घर आहे की." मी दादाशी भांडले. म्हटलं, चार माणसं लावून खुर्चीसकट वर नेऊ, घटकाभर तरी बसू दे त्यांना.

"आणि वर गेल्यावर उतरायला तयार झाले नाहीत तर?" दादा म्हणाला. "पार्सलांवर झोपवायचं?"

मी तशीच उठून बसला निघाले, त्याचा राग मला अजून आहे. वेळेवर औषध, मऊ भात, उशाशी माणूस, सगळं दादानं केलं. त्यात खोट काढायला जागा नाही. म्हाताऱ्यानं आपल्या तोंडानं एकच गोष्ट मागितली होती, तिथे तेवढी पानं पुसली.

शेवटचं वर्षभर अण्णांनी घराचं नाव काढणं सोडलं. "रुळले आता," दादा समाधानानं सांगायचा. ते कुणाशी भांडतही नव्हते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तेराव्याला पंगत बसायच्या आधी दादा बोलायला उभा राहिला. "अण्णा तृप्त होऊन गेले," तो म्हणाला. "शेवटी शेवटी एकच शब्द बोलायचे, साकु." कन्नडात साकु म्हणजे पुरे. पोट भरलं तरी साकु, आणि वीट आला तरी साकुच. जमलेल्यांनी आपल्या सोयीचा अर्थ घेतला आणि माना डोलावल्या. पंगतीत मी पानातली जिलबी तशीच टाकून उठले.

हात धुताना नातू माझ्याशेजारी आला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "तातांना शेवटपर्यंत कळलं नाही ते बरंच झालं ना? मेट्रोच्या कामात घर पाडलं ते."

"कुणी सांगितलं तुला घर पाडलं म्हणून?"

"पप्पांनी. म्हणाले, तातांना तिकडे न्यायचा हट्ट करू नकोस, त्यांना सहन होणार नाही."

मी त्याला तशीच बाहेर घेऊन निघाले. त्यानं गाडी मार्केटपाशी लावली आणि गर्दीतून चालत चिकपेटच्या आमच्या गल्लीत गेलो. घर उभं होतं. हिरवा कठडा, रस्त्यावरची खिडकी, सगळं जागच्या जागी. जिन्यावरून हमाल गठ्ठे उतरवत होते. "स्वल्प जागा, अक्का," म्हणत एक जण आम्हांला ओलांडून गेला.

नातू वर बघत राहिला. "मी उचलून नेलं असतं त्यांना," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"ते रोज विचारायचे, आत्या. मी सांगायचो, रिपेअर चाललंय ताता, पुढच्या महिन्यात नक्की. एकदा चमच्यानं कॉफी पाजताना असंच सांगितलं, तर माझ्याकडे बघून म्हणाले, साकु. त्यानंतर कधी विचारलं नाही." तो माझ्याकडे वळला. "मला वाटलं, कॉफी पुरे म्हणतायत. कॉफीच ना?"

कॉफीच रे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण अण्णांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून सगळे असंच गोड बोलत आले होते.